माझ्या प्लेटवर धूळ बसत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठं काम हातात घेतलं की नोंद ठेवावी, एवढाच हेतू. जागा: कपाटात, मोज्यांच्या खाली.

काम असं. सिमेंट कारखान्यात सायलोच्या, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाकीच्या, तळाशी एक सरकतं गेट असतं. ते किती उघडं आहे, हे मशीनला कळलं पाहिजे. सध्या तिथे जो स्विच आहे तो धुळीने दर आठवड्याला मान टाकतो. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, धुळीत टिकेल असा कपॅसिटिव्ह सेन्सर बनवा. ज्याचं डिझाइन पास होईल त्याचं नाव मॉडेलला.

नाव! एकोणीस वर्षांत या कंपनीत माझं नाव फक्त हजेरीच्या मशीनवर उमटलंय, तेही 'उशिरा' या शब्दाच्या शेजारी.

साहेब हे बोलले तेव्हा सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. पणबाई नंतर म्हणाली की तुमच्या डोक्यामागे घड्याळ आहे आणि जेवायची वेळ झाली होती. पणबाई म्हणजे आमच्याकडची नवी इंजिनियर. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून मी ठेवलेलं नाव. मनातल्या मनात.

४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. ही म्हणाली, छान, आणि गॅसवाल्याला फोन केला का.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, मात्र आनंद झाला. अप्पांनी सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू आणि भिंगं पुसण्यात घालवली. उपकरण म्हटलं की त्यांना अजून भरून येतं. त्यांना समजेल असं सांगितलं: धातूच्या दोन प्लेटा समोरासमोर. एक गेटवर, एक चौकटीवर. गेट बंद असेल तर दोघी बरोब्बर समोरासमोर, विजेचा साठा जास्त. गेट उघडलं की एक सरकते, साठा कमी. तो साठा मोजायचा, की गेट कुठे आहे ते कळलं. कशाला कशाचा स्पर्श नाही, घासणं नाही, झिजणं नाही.

अप्पा म्हणाले, आणि मध्ये धूळ बसली तर?

म्हटलं, अप्पा, तो अभियांत्रिकीचा प्रश्न आहे.

६ फेब्रुवारी

पणबाईने साहेबांसमोर प्रस्ताव मांडला. म्हणे, पण धूळ बसली तर साठा वाढणार, आणि गेट उघडं असूनही सेन्सर 'बंद' म्हणणार. म्हणून शेजारी तिसरी प्लेट लावू. ती हलणार नाही, गेटशी तिचा संबंध नाही. तिच्यावर फक्त धूळ बसेल. तिच्यावरून धुळीचा हिशेब कळेल, तो आपल्या रीडिंगमधून वजा करायचा.

म्हणजे एक प्लेट नुसती बसून राहणार, काही मोजणार नाही, हलणार नाही, वर कंपनीच्या खर्चाने धूळ खाणार. म्हटलं, असे लोक आपल्याकडे अकाउंट्समध्ये आहेत, सेन्सरमध्ये कशाला? सगळे हसले. अकाउंट्सवाला हसला नाही. तो तिथे का होता कळत नाही.

साहेब म्हणाले, दोघं आपापलं करा. टेस्टचे आकडे बघून ठरवू.

धुळीच्या चाचणीची पेटी पणबाईने आधीच अडवून ठेवलीय. पेटी म्हणजे काय, तर काचेचा डबा, पंखा आणि पुडीत विकत आणलेली धूळ. विकतची धूळ! मी खऱ्या धुळीत चाचणी करणार.

९ फेब्रुवारी, रविवार

खरी धूळ माझ्या गॅलरीत आहे. समोरची जुनी इमारत पाडताहेत. सकाळी कठड्यावर बोट फिरवलं तर सही करता येते. (केली. भविष्यात मॉडेलवर कशी दिसेल ते पाहिलं. बरी दिसते.)

सेन्सर ब्रॅकेटवर बसवला, वायर आत, रीडिंग लॅपटॉपवर आपोआप साठतात. प्लेटा थोड्या तिरक्या लावल्यात. का ते विचारू नये. ब्रॅकेटचा स्क्रू बसत नव्हता.

खाली कागद चिकटवला: 'चाचणी सुरू आहे. हात लावू नये.' हिला आणि अप्पांना समोर उभं करून वाचून दाखवला. ही म्हणाली, वाळत घातलेले कपडे लागले तर चालेल का. अप्पांनी मात्र कागद दोनदा वाचला आणि मान डोलावली. शिस्तीचा माणूस.

संकल्प: रोज सकाळी सहाला उठून प्लेटांची स्वतः पाहणी. यंत्रावर विसंबणारा इंजिनियर कारकून होतो.

१० फेब्रुवारी

सहाला उठलो नाही. पहिला दिवस धरायचा नसतो.

११ फेब्रुवारी

गजर वाजला. हिने बंद केला असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे.

१३ फेब्रुवारी

सहाला उठण्यात तत्त्वतः चूक आहे. रीडिंग रात्रंदिवस साठतात, मग माणसाने का जागावं? संकल्प रद्द केला नाही, स्थगित केलाय.

रीडिंग उत्तम. रेघ सरळ. पणबाईची रेघ म्हणे चौथ्या दिवसापासून वर चाललीय, मग ती तिसऱ्या प्लेटचा आकडा वजा करून ती खाली ओढते. म्हणजे आधी आजार निर्माण करायचा, मग औषध द्यायचं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज आठला उठून गॅलरीत गेलो आणि थक्क झालो. कठड्यावर धुळीचा थर. कपड्यांच्या दोरीवर धूळ. कुंडीतल्या झाडाला ओळखता येईना. आणि मधोमध माझ्या दोन प्लेटा, लखलखीत! कणभर धूळ नाही. आरशासारखं तोंड दिसलं. थोडं सुजलेलं दिसलं, पण तो प्लेटचा दोष नाही.

विचार केला. उत्तर एकच. तिरका कोन! माझ्या प्लेटांच्या कोनामुळे हवा अशी वळते की धूळ टेकायच्या आधीच घसरते. जगात हे कुणाला सुचलं नाही, कारण जगात सगळे स्क्रू नीट बसतात.

अप्पांना बोलावून दाखवलं. अप्पा खूश झाले, म्हणाले, स्वच्छ आहे ना? मी म्हटलं, आपोआप! अप्पा वाकून प्लेटांचे कोपरे बघत राहिले. विज्ञान त्यांच्या डोक्यावरून जातं.

१९ फेब्रुवारी

ग्राफमध्ये रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला एक बारीक टोक येतं. क्षणभर आकडा उडी मारतो आणि परत जागेवर. दव असणार. दवाचा थेंब पडतो आणि कोनामुळे घसरतो. त्यातून कोनाचाच पुरावा मिळाला.

२२ फेब्रुवारी

अप्पांनी दाढीचा नवा ब्रश मागवला. जुना कुठे गेला म्हटलं तर म्हणाले, दुसऱ्या कामाला लावलाय. आठवड्यातून दोनदा दाढी, आणि ब्रश दोन! या वयात माणसाला खरेदीचा शौक लागतो. ही म्हणाली, तू बोलू नकोस, तुझ्याकडे चार स्क्रूड्रायव्हर आहेत आणि एक स्क्रू बसत नाही.

अप्पा हल्ली पहाटे उठून गॅलरीत जातात. शुद्ध हवा म्हणे. त्या धुळीत शुद्ध हवा! म्हातारपणाला काय म्हणावं.

२६ फेब्रुवारी

साहेबांसमोर आकडे मांडले. माझी सरळ रेघ पडद्यावर आली तेव्हा साहेब खुर्चीत पुढे झुकले. पणबाईने आधी हात वर केला आणि मग तोंड उघडलं, म्हणजे प्रश्न दोन मिनिटांचा होणार हे समजलं.

पण हे टोक रोज का? म्हटलं, दव. पण दव त्याच वेळेला कसं पडतं? म्हटलं, सूर्योदय. पण सूर्योदय आता लवकर व्हायला लागलाय, टोक तिथेच आहे. म्हटलं, ते टोकाला विचारा. पण रविवारी ते तासभर उशिरा का येतं?

हसून वेळ मारून नेली. रविवारी दवही सुट्टी घेत असेल. काही लोकांना जिथे यश दिसतं तिथे टोकच दिसतं.

साहेबांनी तिसऱ्या प्लेटला फाटा दिला. माझ्या डिझाइनचा पहिला नग कारखान्यात बसणार. तो चालला की मॉडेल माझ्या नावाने.

घरी सांगितलं. अप्पांनी लगेच चप्पल घातली आणि खाली गेले. परत आले तेव्हा पूर्ण बिल्डिंगला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अप्पा सांगत होते, मशीनवर नाव लागणार म्हणे तुमचं! म्हटलं, हो, चालायचंच.

१० मार्च, सोमवार

कारखान्यात नग बसवला. तिथली धूळ पाहिली. माझ्या गॅलरीची धूळ तिच्यापुढे लहान मूल. प्लँट मॅनेजर म्हणजे वरपासून खालपर्यंत राखाडी माणूस, फक्त डोळे ओले. त्याने विचारलं, साफ किती दिवसांनी करायचं? म्हटलं, कधीच नाही. त्याने ते आपल्या माणसांना दोनदा ओरडून सांगितलं: कोणीही पुसायचं नाही! बरं वाटलं. अखेर कोणीतरी माझं ऐकतंय.

कोन घरच्यासारखाच ठेवला. त्यासाठी चांगला बसणारा स्क्रू मुद्दाम सैल केला.

१३ मार्च

प्लँट मॅनेजरचा फोन. आकडा जरा वर सरकतोय. म्हटलं, सेन्सर नवीन जागेला रुळतोय. तो म्हणाला, सेन्सर रुळतो? म्हटलं, तुमची सून रुळली नव्हती का? तो म्हणाला, त्याला सून नाही.

१५ मार्च

पुन्हा फोन. उचलला नाही. सोमवारी साहेबांना घेऊन समक्ष जायचंच आहे. फोनवर शंका घेणाऱ्यांना तोंडावर उत्तर द्यावं.

१७ मार्च, सोमवार

संक्षेपात लिहितो.

साहेब, पणबाई, प्लँट मॅनेजर आणि मी गेटखाली उभे. मी बटण दाबून गेट उघडलं. सिमेंट खालच्या सरकत्या पट्ट्यावर पडायला लागलं. मग बंदचं बटण दाबलं. गेट सरकू लागलं. पॅनलवर हिरवा दिवा: 'बंद'. मोटर थांबली.

सिमेंट थांबलं नाही.

प्लँट मॅनेजर म्हणाला, उघडं आहे. मी म्हटलं, बंद आहे, पॅनल बघा. तो म्हणाला, तुमचे बूट बघा. मी पॅनलच बघत राहिलो. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. सिमेंट घोट्यापर्यंत आलं तेव्हा पणबाईने मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि कोणीतरी हाताने चाक फिरवून गेट बंद केलं. साहेबांचे बूट नवीन होते.

गेटच्या आत टॉर्च मारला. माझ्या प्लेटांवर दोन बोटं जाड थर. ओल लागून पापुद्रे धरलेले. कोन तसाच होता.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. पणबाईही. तिने एकदा 'पण' म्हणावं असं फार वाटलं.

१८ मार्च

तब्येत बरी नाही असं कळवलं. खोटं नाही, मला माझी तब्येत बरी वाटत नाही.

संभाव्य कारणं: (१) तिथली धूळ निकृष्ट. (२) प्लँट मॅनेजरचा दृष्टिकोन. (३) स्क्रू जास्त सैल. (४) घरात चालतं ते तिथे का चालत नाही? इथे तर अजून रेघ सरळ आहे. सकाळीच पाहिलं, प्लेटा चकाचक. म्हणजे डिझाइन बरोबर आहे आणि कारखाना चूक आहे.

२० मार्च

आज सहाला उठलो. संकल्प पूर्ण झाला.

उठलो म्हणजे झोपच नव्हती. गॅलरीचं दार अर्धवट उघडं होतं. अप्पा स्टुलावर बसले होते. चष्मा नाकावर, श्वास रोखून धरलेला, जसा ते शाळेत तराजूसमोर धरायचे. हातात दाढीचा जुना ब्रश. माझ्या प्लेटांच्या मधून तो ब्रश हळूहळू फिरत होता, आधी वरून खाली, मग कडा, मग कोपरे.

साडेसहा वाजले होते.

मी म्हटलं, अप्पा! ते दचकले. आधी त्या कागदाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हात नाही लावला हं. ब्रशनेच करतोय. पहिल्या दिवसापासून हात लावला नाही.

रोज?

रोज, म्हणाले. रविवारी जरा उशिरा. तू झोपलेला असतोस, तुला कशाला उठवायचं. अरे, उपकरणावर धूळ ठेवतात का? आमच्या लॅबमध्ये रीडिंगच्या आधी पुसल्याशिवाय मास्तर हात लावू द्यायचे नाहीत. आणि तुझं नाव लागणार ना त्याला!

फार ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही. मग चहा आहे का विचारलं.

हिला म्हटलं, तुला माहीत होतं? ही म्हणाली, रोज बघते. मला वाटलं तूच सांगितलंयस. त्या वेळी घरात कोणीतरी काहीतरी काम करत होतं याचंच मला बरं वाटायचं.

२१ मार्च

रिपोर्ट लिहिला. पहिला मसुदा: 'चाचणीदरम्यान अनधिकृत स्वच्छता झाल्याने निष्कर्षांवर परिणाम.' अनधिकृत स्वच्छता हा शब्दप्रयोग चांगला साधला. खाली 'घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून' हेही टाकलं. दोष कोणाचा ते नोंदलेलं असावं. डिझाइनवर आळ नको.

बाहेर अप्पा शेजाऱ्यांना सांगत होते की मशीनचं काम थोडं लांबलंय, मोठ्या कामांना वेळ लागतो.

'ज्येष्ठ व्यक्ती' खोडलं. मग परत लिहिलं. साहेब कारण विचारणारच.

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी रिपोर्ट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला. 'ज्येष्ठ व्यक्ती'पाशी थांबून विचारलं, कोण? सांगावं लागलं. पुढची पाच मिनिटं सगळे हसत होते. अकाउंट्सवाला तर टेबलावर डोकं ठेवून हसला. साहेब म्हणाले, मग सेन्सरबरोबर तुमचे वडीलही कारखान्याला पाठवायचे का?

पणबाई हसली नाही. म्हणाली, पण तसंच काहीतरी हवंय. शेजारी बसून राहणारं, गेटशी देणंघेणं नसलेलं, धूळ अंगावर घेणारं. ती तिसरी प्लेट.

साहेब म्हणाले, लावा.

४ एप्रिल

वर्कशॉपमध्ये तिसऱ्या प्लेटचं नाव पडलंय. 'अप्पा बसवला का?' 'अप्पाचा आकडा वजा केला का?' 'अप्पाचं रीडिंग जास्त येतंय, म्हणजे आज धूळ जास्त.' मी साहेबांकडे तक्रार केली की हा माझ्या वडिलांचा अपमान आहे. साहेबांनी विचारलं, अप्पा कसे आहेत?

११ एप्रिल

कारखान्यात पणबाईचा सेन्सर चालतोय. प्लेटांवर थर आहे, आकडा बरोबर आहे. मुख्य दोन प्लेटा माझ्याच, हे मी सगळ्यांना समजावलं. कोन काढून टाकलाय.

संकल्प: पुढच्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीपासून लक्ष घालायचं. सहाला उठायचं.

२१ एप्रिल, सोमवार

फायनल ड्रॉइंग आलं. वर मॉडेलचं नाव: पणबाईचं आडनाव. आत प्लेट १, प्लेट २, आणि तिसरीवर बाण काढून छापलंय: 'अप्पा'. मी विचारलं, हे राहून गेलं का खोडायचं? पणबाई म्हणाली, पण वर्कशॉपला दुसऱ्या नावाने कळत नाही. साहेबांनी सही केलीय.

एक प्रत घरी आणली. का आणली माहीत नाही. अप्पांनी चष्मा पुसून ड्रॉइंग पाहिलं. बोट बाणावरून फिरवत नावापाशी आणलं. दोनदा वाचलं.

मग म्हणाले, तुझं कुठंय?

म्हटलं, असतं कुठेतरी. छोट्या अक्षरात.

त्यांनी वर बघितलं नाही. ड्रॉइंग नीट घडी करून खिशात ठेवलं, चप्पल घातली आणि खाली गेले. पाऊण तासाने आले. चेहरा असा की मी तसा कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी दूध आणायला निघालो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. माझा हात धरून म्हणाल्या, अप्पांनी कागद दाखवला. स्वतःचं नाव लावायची संधी असून मुलाने मशीनला बापाचं नाव दिलं म्हणाले. रडत होते हो. असा मुलगा हवा.

मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.